पाचव्या फेरीनंतरचं मिनिट

"ताई, यायले सांगा ना, उजव्या हाताची पट्टी थोडी ढिली करा म्हना," देविदास म्हणाला.

मी त्याच्या प्रशिक्षकाला, कीथला, इंग्रजीत सांगितलं. कीथ खाली मान घालून त्याच्या मुठीभोवती पट्टी गुंडाळत होता, तो गुंडाळतच राहिला.

"त्याला सांग, दुसऱ्या फेरीपर्यंत आपोआप सैल होईल. दर वेळी हेच रडगाणं. मागच्या वेळी मी ऐकलं आणि त्याचा अंगठा मुरगळला, त्याची आठवण करून दे."

"होईल सैल, म्हणतो," मी देविदासला म्हटलं.

"एवढंच? लय वेळ बोलला ना तो."

"एवढंच."

देविदास हसला. त्या दुपारी तो शेवटचा तेव्हाच हसला असावा.

अठ्ठ्याण्णव सालच्या मार्चमधला रविवार होता. शेफील्डमधल्या एका जुन्या सभागृहाच्या मागच्या खोलीत आम्ही तिघं बसलो होतो. एरवी त्या खोलीत घडीच्या खुर्च्या ठेवत. बाहेर पंधराशे लोक जमलेले, आणि त्यातले निम्मे तरी देविदासला मार खाताना बघायला आलेले. कारण समोरचा पैलवान, गॅरेथ पाईक, त्याच गावचा होता. दहा फेऱ्यांची लढत होती.

मी नर्स. मिरजेला शिकले, लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर इंग्लंडला आले, आणि तो गेल्यावर तिथेच राहिले. बॉक्सिंगशी माझा काडीचाही संबंध नव्हता. या लढतीच्या सव्वा वर्ष आधी एका संध्याकाळी आमच्या दवाखान्याच्या अपघात विभागातून मला वॉर्डात फोन आला. भुवई फाटलेला एक मुलगा आला आहे, कोणती तरी भारतीय भाषा बोलतो, हिंदीवाल्या डॉक्टरला निम्मंच कळतंय, तुम्ही बघता का? मी खाली गेले. तो पलंगावर बसला होता, आणि टाका घालणाऱ्या बाईला पुन्हा पुन्हा म्हणत होता, "दुखून नाही राह्यलं, घाला तुमी." मी मराठीत विचारलं, "कुठला रे तू?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला आजही ते डोळे आठवतात. "मूर्तिजापूरचा," तो म्हणाला, आणि मग त्याला खरंच रडू आलं.

देविदास तायडे. वय सव्वीस. अकोल्यात बॉक्सिंग शिकलेला, राज्याची पदकं मिळवलेला, नववीत शाळा सोडलेला. एका आयोजकाने त्याला धंदेवाईक लढतींसाठी आणलं होतं. महिन्याभरात तो माझ्या घरी वरच्या खोलीत राहायला आला. मला ताई म्हणू लागला. त्याचं इंग्रजी 'यस कोच' आणि 'थँक्यू'च्या पुढे सरकेना. व्यायामशाळेत कीथ हातवाऱ्यांनी शिकवायचा. पण लढतीत दोन फेऱ्यांच्या मध्ये एकच मिनिट मिळतं. साठ सेकंदांत हातवारे पुरत नाहीत. म्हणून कीथने खटपट करून मला रिंगणाच्या कोपऱ्यात बसायचा परवाना काढून दिला. ही माझी चौथी लढत होती.

कीथ ब्रॅडवेल पासष्टीचा होता. पोलादाच्या कारखान्यात आयुष्य गेलेलं, नाक दोनदा मोडलेलं. पहिल्या लढतीआधी त्याने मला बाजूला घेऊन एकच गोष्ट सांगितली होती. "रिंगणातला माझा पोरगा बस म्हणाला, की मी थांबवतो. का म्हणून विचारत नाही. दुसऱ्यांदा विचारत नाही. एकदा एकाला दुसऱ्यांदा विचारलं होतं." त्या एकाचं पुढे काय झालं ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

त्या दुपारी पणाला काय लागलं होतं, ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. पाईकला हरवलं तर आयोजक दोन वर्षांचा करार करणार होता. करार झाला की राहण्याचा परवाना वाढणार होता, आणि परवाना वाढला की त्याची बायको निर्मला आणि त्यांची दोन वर्षांची पोर इकडे येऊ शकणार होत्या. पोर झाली तेव्हा देविदास शिबिरात होता, आणि ती चालायला लागली तेव्हा शेफील्डमध्ये.

आणखी एक गोष्ट होती, ती मात्र मला एकटीलाच ठाऊक होती. गुरुवारी सकाळी चहा पिताना तो म्हणाला होता, "ताई, डोयापुढं काया माश्या उडून राह्यल्या." वजन उतरवण्यासाठी तो चार दिवस जवळजवळ उपाशी होता. मी म्हटलं, "पोटात काही नाही म्हणून. वजन झालं की जेव नीट." मिरजेला मी दोन वर्षं डोळ्यांच्या वॉर्डात काढली होती. तरी मी असं म्हटलं.

घंटा झाली.

पहिल्या दोन फेऱ्या देविदासच्या होत्या. तो पाईकपेक्षा बुटका होता, पण त्याचे पाय असे चालत की पाईकचे ठोसे जिथे पोचत तिथे देविदास नसायचाच. आत शिरायचा, बरगडीवर दोन द्यायचा, बाहेर. दुसऱ्या फेरीनंतर कीथ खूश होता. "सांग त्याला, हेच. दुसरं काहीही नको. हेच."

"असंच चालू दे," मी म्हटलं.

"पट्टी सैल झाली," देविदास म्हणाला.

तिसऱ्या फेरीच्या शेवटी पाईकचा डावा हात वळून आला आणि देविदासच्या उजव्या डोळ्याच्या कडेला बसला. पंधराशे माणसं एकदम उठली. मला वाटलं, हा पडला. पण तो पडला नाही. दोरांना टेकला, सरळ झाला, घंटेपर्यंत नाचत राहिला. स्टुलावर बसल्यावर कीथने भुवईवर थंड लोखंडी पट्टी दाबली.

"विचार, ठीक आहे?"

"बरा आहेस का?"

"हो हो. पानी द्या."

चौथ्या फेरीत मला काहीतरी वेगळं दिसू लागलं. कीथला ते दिसलं नसावं, कारण तो पायांकडे बघत होता. मी मानेकडे बघत होते. देविदास मान उजवीकडे वळवून लढत होता. कोणी उजव्या बाजूने हाक मारली की माणूस वळतो, तशी. आणि पाईकचा डावा हात आला की तो उशिरा हलत होता. त्या फेरीत तसे तीन ठोसे बसले. तिन्ही उजव्या बाजूला.

घंटा. तो आला, बसला. कीथ खाली वाकून तोंडातलं दातांचं रबरी कवच काढत होता, बर्फाची पिशवी शोधत होता. देविदासने ओठ न हलवता म्हटलं, "ताई, उजव्या डोयानं दिसून नाही राह्यलं."

"सूज आहे," मी म्हटलं. मला तसंच हवं होतं.

"सूज नाही. खालून कायं पानी चढल्यासारखं होऊन राह्यलं. अर्ध्याच्या वर आलं."

माझ्या हातातली बाटली मी खाली ठेवली. माश्या आधी, मग काळं पाणी. डोळ्यांच्या वॉर्डात पहिल्या आठवड्यात शिकवतात ते हेच. डोळ्याच्या आतला पडदा सुटतोय. संध्याकाळपर्यंत शस्त्रक्रिया झाली तर डोळा वाचू शकतो. आणखी मार बसला तर पडद्याचा मधला भाग सुटतो, आणि मग मोठ्यातला मोठा डॉक्टरही फारसं काही करू शकत नाही.

"काय म्हणतोय?" कीथने विचारलं.

"यायले सांगू नोका," देविदास म्हणाला. "ताई, तुमाले निर्मलेची शप्पथ. डोयाचं नाव नोका काढू. रॉनीचं काय झालं, माहीत हाय ना तुमाले."

माहीत होतं. रॉनी त्यांच्याच व्यायामशाळेतला. त्याच्या डोळ्याचा पडदा सुटल्याचं नोंदलं गेलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा लढण्याचा परवाना कायमचा रद्द झाला. तेव्हाचा नियमच तसा होता. शस्त्रक्रिया करा, डोळा बरा होवो न होवो, पुन्हा रिंगणात पाय नाही. रॉनी तिथलाच, तो ट्रक चालवायला लागला. देविदासला ट्रक चालवायची मुभा नव्हती. त्याला त्या देशात लढण्यासाठीच ठेवलं होतं.

"एस्तेर! काय म्हणतोय तो?"

"ठीक आहे म्हणतो," मी म्हटलं.

माझं हे पहिलं खोटं. ते बोलायला एक सेकंदही लागला नाही.

पाचवी फेरी मी डोळे उघडे ठेवून पाहिली. आधीच्या तिन्ही लढतींत ठोसा बसायच्या वेळी मी डोळे मिटायची, कीथ त्यावरून माझी थट्टाही करायचा. त्या फेरीत मिटले नाहीत. मी घड्याळ बघत होते. तीन मिनिटं. त्यांतली पहिली चाळीस सेकंद देविदासने पाईकला मिठी मारण्यात घालवली. पंचांनी सोडवलं. त्याने परत मिठी मारली. लोक ओरडायला लागले. मग पाईकच्या कोपऱ्यातून कोणीतरी काहीतरी सांगितलं, आणि पाईक सरकत सरकत देविदासच्या उजव्या बाजूला गेला. त्यांच्या लक्षात आलं होतं.

त्यानंतर जे झालं ते मला नीट सांगता येत नाही. डावा ठोसा. देविदासला तो दिसलाच नाही, हलला देखील नाही. आणखी एक. त्याने गालाजवळ हात धरला, तर ठोसा हाताखालून आला. मी मनातल्या मनात "प्रभू, प्रभू" म्हणत होते, आणि त्याच वेळी प्रत्येक ठोशागणिक हिशोब करत होते, की आता किती सुटला असेल, अजून मधला भाग शाबूत असेल का. शेवटच्या अर्ध्या मिनिटात देविदासने आंधळेपणाने उजवा हात फेकला आणि तो पाईकच्या हनुवटीवर असा बसला, की पाईकच एक गुडघा टेकून खाली गेला. पंचांनी आकडे मोजले. आठला पाईक उठला. घंटा झाली.

कीथ वेडा झाला होता. देविदास स्टुलावर बसायच्या आत तो बोलायला लागला.

"गेलाय तो! पाईक संपलाय! याला सांग, पुढच्या फेरीत आत जायचं, थांबायचं नाही, उजवा, उजवा, परत उजवा. संपव म्हणावं. एक फेरी! एकच फेरी, एस्तेर!"

मी देविदाससमोर गुडघे टेकले. त्याचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. डावा डोळा माझ्याकडे बघत होता. उजवा उघडा होता, पण कशाकडेच बघत नव्हता.

"किती आलं पाणी?" मी विचारलं.

"बोटभर राह्यलं वरतं," तो म्हणाला. "कोच काय म्हन्ते?"

"थोडं दिसतंय ना? बोटभर का होईना?"

"दिसते. ताई, कोच काय म्हन्ते?"

अर्धं मिनिट उरलं असेल. बोटभर दिसतंय म्हणजे मधला भाग अजून टिकला आहे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. कीथ माझ्या खांद्यावर थापा मारत होता. "सांगितलंस? काय म्हणतोय? तयार आहे?"

खरं सांगितलं असतं तर कीथने तिथल्या तिथे थांबवलं असतं. डॉक्टर आले असते, त्यांनी बॅटरी मारून पाहिलं असतं, कागदावर लिहिलं असतं. डोळा वाचला असता आणि बाकी सगळं गेलं असतं. कीथचा निरोप देविदासला दिला असता तर तो उठला असता, कदाचित जिंकलाही असता, आणि डोळा गेला असता. शपथ मोडायची नव्हती. डोळाही जाऊ द्यायचा नव्हता. हा सगळा विचार मी तेव्हा केला असं आता म्हणते खरी. तेव्हा फक्त एवढंच झालं, की माझं तोंड उघडलं.

मी कीथकडे वळून इंग्रजीत म्हटलं, "त्याचं बस झालंय."

कीथचा हात माझ्या खांद्यावर तसाच राहिला.

"काय?"

"बस झालं म्हणतो. पुढे नको म्हणतो."

कीथने देविदासकडे पाहिलं. देविदास समोर बघत होता. छाती वरखाली होत होती, हात मांड्यांवर होते. कीथने तोंड उघडलं, मिटलं. तो दुसऱ्यांदा विचारत नसे. त्याने पंचांना हाताने बोलावलं आणि दोन्ही तळवे एकमेकांवरून फिरवले. संपलं.

लोकांना क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. जो माणूस समोरच्याला पाडून आला, तो स्टुलावरून उठत नाही म्हणजे काय! शिट्ट्या, शिव्या, कागदी पेले. एक अर्धा भरलेला पेला माझ्या पाठीवर फुटला. पाईक स्वतः आला, देविदासच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि त्याच्याही चेहऱ्यावर प्रश्नच होता.

मागच्या खोलीत कीथने हातमोजे सोडले, पट्ट्या कापल्या. मग बाहेर गेला. दार लागल्यावर देविदासने मला विचारलं, "ताई, थांबवलं काहून?"

"कीथने थांबवलं," मी म्हटलं. "तुझ्या डोळ्याची सूज बघून."

"डोयाचं सांगतलं तुमी?"

"नाही. फक्त सूज पाहिली त्याने."

"हं," तो म्हणाला.

हे माझं तिसरं खोटं.

मी त्याला तशीच टॅक्सीत घालून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. ओळखीचे एक डॉक्टर होते, डॉक्टर फेनविक. त्यांना रविवारी घरून बोलावलं. जिन्यावरून पडला असं सांगितलं. त्यांनी डोळ्यात बघितलं, मग देविदासची सुजलेली भुवई बघितली, मग माझ्याकडे बघितलं, आणि काही विचारलं नाही. सहा वाजता त्याला आत घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "मधला भाग टिकलाय. आणखी एखादा धक्का बसला असता तर नसता टिकला. उशिरा आणलं असतं तरी नसता टिकला."

म्हणजे डोळा वाचला. आणि कोणत्याही नोंदीत बॉक्सर देविदास तायडेच्या डोळ्याला काही झालं नाही. लढायचा परवाना शाबूत राहिला.

पण लढत कोणी देईना. मंगळवारच्या स्थानिक वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. पाईकला पाडल्यावर तायडे स्टुलावरून उठलाच नाही, त्याच्यात जिगर नाही, असा त्यांचा मथितार्थ. मी ते पान घरात येऊ दिलं नाही. आयोजकाने करार मागे घेतला. शेवटी मी कीथला जाऊन भेटले. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता.

"मी त्याला दोष देत नाही," कीथ म्हणाला. "बस म्हणायलाही धाडस लागतं. पण मी त्याला पुन्हा उभा करणार नाही. आज लोक त्याला भेकड म्हणतायत. पुढच्या वेळी ते ऐकू येऊ नये म्हणून तो बस म्हणायच्या वेळी म्हणणार नाही. मला त्याची भीती वाटते."

तिथे खरं सांगण्याची संधी होती. सांगितलं असतं तर देविदासचं नाव धुऊन निघालं असतं आणि परवाना गेला असता. नाही सांगितलं तर परवाना राहणार होता, आणि त्याचा उपयोग शून्य. मी कीथकडचा चहा संपवला आणि घरी आले.

नोव्हेंबरात राहण्याची मुदत संपली. मी त्याला मँचेस्टरच्या विमानतळावर सोडायला गेले. तो माझ्या पाया पडायला वाकला, मी हात धरले. "ताई, तुमी माह्यासाठी लय केलं," तो म्हणाला. मी मान फिरवली.

त्यानंतर चौदा वर्षं गेली. ख्रिसमसला त्याचा फोन यायचा. निर्मला बोलायची, पोर बोलायची, मग तो. तब्येत, पाऊस, माझे गुडघे. त्या दुपारचा विषय कधी निघाला नाही. मी मनाशी शंभर वेळा वाक्य जुळवलं होतं, पण फोनवर ते बोलवत नव्हतं. ज्याने आयुष्यात कधी माघार घेतली नाही, त्याच्या नावावर मी माघार लिहून टाकली होती. त्याच्या नकळत, त्याच्याच समोर, त्याला येत नसलेल्या भाषेत.

दोन हजार बाराच्या फेब्रुवारीत भाचीच्या लग्नाला नागपूरला गेले, तेव्हा ठरवूनच मूर्तिजापूरला उतरले. देविदास स्टेशनवर आला होता. केस पिकलेले, पोट थोडं सुटलेलं, चष्म्याची उजवी काच जाड. निर्मलेने मला जवळ घेतलं ते सोडेचना. जेवणं झाली आणि तो मला त्याचा वर्ग दाखवायला घेऊन गेला. गावाबाहेर सरकी काढायच्या जुन्या कारखान्याचं बंद गोदाम होतं, त्यात त्याने दोर बांधून रिंगण केलं होतं. वीस-बावीस पोरी होत्या. त्यातल्या दोघी राज्यपातळीवर गेल्या होत्या.

आम्ही दोन खुर्च्या टाकून बसलो. समोर दोन पोरी सरावाची लढत करत होत्या. मी म्हटलं, "देविदास, मला तुला एक सांगायचंय. त्या दिवशी कीथने सूज बघून थांबवलं नव्हतं."

तो पोरींकडेच बघत होता.

"मी सांगितलं त्याला. तू बस म्हणतोस, असं सांगितलं. तू तसं म्हणाला नव्हतास. पाईक संपलाय, एका फेरीत काम होईल, असा कीथचा निरोप होता. तो मी तुला दिलाच नाही."

"ही हॅज हॅड इनफ," देविदास म्हणाला.

मी त्याच्याकडे बघतच राहिले.

"असंच म्हनल्या होत्या ना तुमी? त्याचं बस झालं म्हनून."

"तुला कळलं होतं?"

"ताई, सव्वा वर्स राह्यलो तिथं. एवढं तं तिथल्या कुत्र्यालेही समजते."

"मग बोलला का नाहीस? कीथचा हात धरायचा, मान हलवायची, काहीतरी!"

"हात कायले धराले पाह्यजे? नुसता उठून उभा राह्यलो असतो तरी कीथनं थांबवलं नसतं. उभं राहाले भाषा लागत नाही." त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला. "लय वेळ होता. तुमी बोलल्या, तो पाहून राह्यला माह्याकडं, मंग पंचाले बोलावलं. मी आयकून राह्यलो होतो सगळं. पायाले म्हनलं, ऊठ. नाही उठलो."

गोदामात पोरींच्या बुटांचा आवाज येत होता.

"मग खोलीत आल्यावर मला कशाला विचारलंस, का थांबवलं म्हणून?"

"दुसऱ्या कोनाच्या तरी तोंडून आयकाचं होतं, का मी नाही थांबवलं. तुमी म्हनल्या कीथनं थांबवलं. मले बरं वाटलं." त्याने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "निर्मलेलेही तसंच सांगतलं. गावालेही. अजून तसंच सांगतो."

"मी चौदा वर्षं समजत होते, की मी तुला बुडवलं."

"अन् मी समजत होतो, तुमाले वाटत असन का तुमी मले वाचवलं. म्हनून म्हनलं, राहू द्या. कायले सांगा."

त्याला हलकं वाटलं असेल असं मला वाटलं नाही, आणि मलाही वाटत नव्हतं. फक्त आता ती दुपार आमच्या दोघांची होती.

समोरच्या दोघींतली एक, सतराएक वर्षांची उंच पोर, अचानक मागे सरली. नाकातून थोडं रक्त येत होतं. तिने दोन्ही हात खाली घेतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सर, बस झालं माह्यं."

कोणी हसलं नाही. समोरची पोर दोराकडे जाऊन उभी राहिली. बाकीच्या आपापला सराव करत राहिल्या. तिथे हे रोजचंच असावं.

देविदास उठला. जाऊन त्याने तिचे हातमोजे सोडले, रुमालाने नाक पुसलं आणि वरचा दोर उचलून धरला. ती वाकून बाहेर आली.

"उद्या येजो," तो म्हणाला.